'दया केली' की 'कळवळा आला'?
शुभवर्तमानातील एका ग्रीक क्रियापदाचा अर्थ आणि त्याची रूपे

धर्मशिक्षकांच्या एका शिबिरात मी लूकच्या शुभवर्तमानातील नाईन गावच्या विधवेचा प्रसंग समजावून देत होतो. 'प्रभूने त्या विधवेवर दया केली आणि तिच्या मुलाला उठविले,' असे वाक्य मी सहज बोलून गेलो. बेळगावच्या बाजूच्या एका खेड्यातून आलेले, वयाने माझ्याहून बरेच वडील असे एक धर्मशिक्षक मागच्या बाकावरून उठले आणि म्हणाले, "फादर, एक विचारू का? आपण म्हणालात, दया केली. आमच्या पुस्तकात कळवळा आला असे आहे. 'केली' आणि 'आला' यांत काही फरक आहे, की दोन्ही एकच?" मी 'अर्थ एकच' असे सांगून पुढे गेलो. रात्री ग्रीक नवा करार उघडून पाहिला, तेव्हा ध्यानात आले की विचारणारा बरोबर होता आणि उत्तर देणारा चुकला होता.

प्रस्तुत लेख म्हणजे त्या प्रश्नाचे उशिरा दिलेले उत्तर होय. त्या ठिकाणी मूळ ग्रीकमध्ये 'स्प्लांख्निझोमाइ' हे क्रियापद आहे. नव्या करारात ते केवळ बारा वेळा येते: मत्तयात पाच, मार्कात चार आणि लूकात तीन. योहानाच्या शुभवर्तमानात ते नाही; पौलाच्या पत्रांतही नाही. या बाराही ठिकाणी त्याचा कर्ता एक तर येशू आहे, नाही तर येशूने सांगितलेल्या दाखल्यांतील एखादी व्यक्ती आहे. इतके मोजके वापरलेले क्रियापद आपल्या प्रवचनांत मात्र 'दया केली' या सर्वपरिचित वाक्प्रयोगात विरून जाते. त्यात काय गमावले जाते, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

१. शब्दाचे मूळ

हे क्रियापद 'स्प्लांख्ना' या नामापासून बनले आहे. जुन्या ग्रीक भाषेत स्प्लांख्ना म्हणजे धडाच्या पोकळीतील अवयव: हृदय, यकृत, फुप्फुसे, मूत्रपिंडे. बळी दिलेल्या पशूचे हे अवयव प्रथम भाजून यज्ञकर्ते खात असत. होमरच्या काव्यात या भोजनाचे उल्लेख आहेत. पुढे शोकनाट्यकारांनी हाच शब्द माणसाच्या अंतर्यामातील प्रबळ विकारांचे स्थान दर्शविण्यासाठी वापरला. त्या विकारांत क्रोधही होता. म्हणजे दया हा या शब्दाचा प्रारंभीचा अर्थ नव्हता. इतकेच नव्हे, तर या क्रियापदाचे कर्तरी रूप मक्काबींच्या दुसऱ्या ग्रंथात (६:८) येते, ते यज्ञातील मांस खाण्याच्या अर्थाने. यहुद्यांना परधर्मीयांच्या यज्ञभोजनात सहभागी व्हावयास लावण्याचा आदेश त्या ठिकाणी सांगितला आहे.

मग खाण्याच्या अर्थाचा शब्द करुणेच्या अर्थापर्यंत कसा पोहोचला? त्याची वाट इब्री मनोवृत्तीतून जाते. इब्री भाषेत करुणेला 'रहमीम' म्हणतात आणि गर्भाशयाला 'रेहेम'. शलमोनापुढे आलेल्या दोन स्त्रियांपैकी खरी आई कोणती, हे ज्या क्षणी उघड होते, त्या क्षणी ग्रंथकार तिच्या रहमीमविषयी बोलतो (१ राजे ३:२६). ग्रीक भाषांतरकारांनी तेथे तिचा गर्भाशय अस्वस्थ झाला असेच भाषांतर केले. यिर्मया ३१:२० मध्ये तर एफ्राइमच्या आठवणीने स्वतः देवाचीच आतडी कालवतात. मात्र या ठिकाणी ग्रीक भाषांतरकारांना तो शब्द देवाविषयी वापरणे प्रशस्त वाटले नसावे; त्यांनी आतडी वगळली आणि 'एलेओस' म्हणजे दया या नेहमीच्या शब्दाशी संबंधित क्रियापद योजले. नीतिसूत्रांच्या ग्रीक भाषांतरात (१७:५) आपल्या क्रियापदाचे एक जोडरूप दयाळू माणसासाठी आलेले दिसते. 'बारा कुलपतींचे मृत्युलेख' या ग्रंथातील जबुलूनाच्या प्रकरणात तर हे क्रियापद करुणेच्या अर्थाने वारंवार येते. येशूच्या कृतींचे वर्णन करताना शुभवर्तमानकारांनी हाच शब्द उचलला. ज्या ठिकाणी जुन्या भाषांतरकारांचे धैर्य खचले, त्या ठिकाणी ते खचले नाहीत.

मराठी वाचकाला यात परके असे काहीच वाटू नये. 'आतडे तुटणे', 'पोटात तुटणे', 'आतड्याची माया' हे आपल्या घरातले शब्द आहेत. आईचे लेकरासाठी पोटात तुटते. तेथे कोणी 'हृदयात दया उत्पन्न झाली' असे म्हणत नाही.

२. मूळ म्हणजे अर्थ नव्हे

येथे मात्र एक सावधगिरी बाळगली पाहिजे. ग्रीक शिकलेल्या आम्हा धर्मगुरूंना शब्दाची फोड करून दाखविण्याचा मोह फार असतो. 'स्प्लांख्ना म्हणजे आतडी. म्हणून येशूची आतडी पिळवटून निघाली,' असे आम्ही ठासून सांगतो आणि श्रोते प्रभावित होतात. पण हा युक्तिवाद सदोष आहे. जेम्स बार यांनी १९६१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द सिमॅन्टिक्स ऑफ बिब्लिकल लँग्वेज' या ग्रंथात व्युत्पत्तीवरून अर्थ ठरविण्याच्या या सवयीवर कठोर टीका केली आहे. शब्दाचा अर्थ त्याच्या उगमावरून ठरत नाही. विशिष्ट काळी, विशिष्ट वाक्यात तो कसा वापरला जातो, यावरून ठरतो.

आपल्याच भाषेतील उदाहरण घ्या. 'उपवास' या शब्दाची फोड 'जवळ राहणे' अशी होते. परंतु पोट बिघडलेल्या माणसाने 'आज माझा उपवास आहे' असे म्हटले, तर तो कोणाच्या सान्निध्यात राहत आहे असे आपण विचारीत नाही. त्याचप्रमाणे पहिल्या शतकातील ग्रीक बोलणाऱ्या यहुद्याच्या मनात हे क्रियापद ऐकताना दर वेळी आतडी येत असतील, असे गृहीत धरता येत नाही. नामाचा शारीरिक अर्थ त्या काळी जिवंत होता, हे खरे. यहूदाच्या मृत्यूचे वर्णन करताना लूक तोच शब्द अगदी शब्दशः वापरतो (प्रेषितांची कृत्ये १:१८). तरीही केवळ व्युत्पत्तीवर प्रवचन उभारणे म्हणजे वाळूवर घर बांधणे होय. खडक हवा असेल तर रूपांकडे आणि वाक्यांच्या रचनेकडे वळले पाहिजे.

३. रूपांचा विचार

नव्या करारातील बारा प्रयोगांत या क्रियापदाची तीनच रूपे आढळतात.

पहिले रूप 'एस्प्लांख्निस्थे'. हे भूतकाळी तृतीयपुरुषी एकवचन सहा ठिकाणी येते: मत्तय ९:३६ व १४:१४, मार्क ६:३४, लूक ७:१३, १०:३३ व १५:२०. दुसरे रूप 'स्प्लांख्निस्थेइस' हे धातुसाधित. मराठीत 'कळवळा येऊन' असे त्याचे भाषांतर होईल. ते चार ठिकाणी येते: मत्तय १८:२७ व २०:३४, मार्क १:४१ व ९:२२. तिसरे रूप स्वतः 'स्प्लांख्निझोमाइ', वर्तमानकाळी प्रथमपुरुषी एकवचन. ते मत्तय १५:३२ व मार्क ८:२ या दोन ठिकाणी, चार हजारांना जेवू घालण्याच्या प्रसंगी, येशूच्याच तोंडी आहे.

यांपैकी पहिली दोन रूपे व्याकरणाच्या पुस्तकात कर्मणि म्हणून दाखविलेली असतात. तेवढ्यावरून 'कोणी तरी येशूला हलविले' असा अर्थ काढणे घाईचे ठरेल. ग्रीकमध्ये भय वाटणे, राग येणे अशा मनोविकारांच्या क्रियापदांचा भूतकाळ याच घडणीचा असतो. कर्ता येथे दुसऱ्याचे काही करीत नाही आणि दुसरा कोणी त्याचे काही करतो असेही सांगितलेले नसते. कर्त्याच्या ठायी काही घडते आणि ते त्याला व्यापून टाकते, एवढेच ते रूप सांगते.

शिबिरातील त्या धर्मशिक्षकाच्या प्रश्नाचे उत्तर येथे आहे. इंग्रजीत किंवा लॅटिनमध्ये ही छटा व्यक्त करण्यासाठी धडपड करावी लागते. मराठीला ती उपजतच अवगत आहे. आपल्याला भूक लागते, झोप येते, भीती वाटते, राग येतो, रडू कोसळते. या सर्व वाक्यांत अनुभव घेणारी व्यक्ती चतुर्थीत असते आणि भावना जणू बाहेरून चालत त्याच्याकडे येते. 'त्याने राग केला' आणि 'त्याला राग आला' यांतील भेद मराठी मुलाला न शिकविता कळतो. 'एस्प्लांख्निस्थे' या रूपाला 'त्याला कळवळा आला' हे भाषांतर जितके नेमके बसते, तितके नेमके भाषांतर फार थोड्या भाषांना साधले असेल. आपल्या प्रचलित मराठी बायबलमध्ये बहुतेक ठिकाणी हीच शब्दयोजना आहे. भाषांतरकारांनी हाती ठेवलेले हे सोने आपण प्रवचनात 'त्याने दया केली' असे म्हणून मोडीत काढतो.

रूपांविषयी आणखी तीन गोष्टी नमूद केल्या पाहिजेत.

पहिली: निश्चयार्थी भूतकाळ जेथे जेथे येतो, त्या सहाही ठिकाणी त्याच्या आधी 'पाहणे' हे क्रियापद आहे. येशू समुदायाला पाहतो; नाईनच्या विधवेला पाहतो; शोमरोनी जखमी माणसाला पाहतो; बाप मुलगा दूर असतानाच त्याला पाहतो. आधी पाहणे आणि मग कळवळा हा क्रम एकदाही चुकत नाही.

दुसरी: कळवळा येऊन गेला आणि तेथेच संपला, असे शुभवर्तमानांत कोठेही होत नाही. मत्तय १४ मध्ये येशू रोग्यांना बरे करतो. मत्तय ९ मध्ये कळवळ्यानंतर पिकाविषयीचे बोलणे आणि लगेच बारा शिष्यांना अधिकार देऊन पाठविणे येते. प्रेषितपणाचा उगम त्या ठिकाणी आहे. मार्क ६:३४ मध्ये पहिली कृती कोणती आहे? भाकरी नंतर येते. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारख्या त्या लोकांना पाहून येशू प्रथम शिकवू लागतो. धर्मशिक्षणाचा वर्ग हे कळवळ्याचे पहिले फळ आहे, ही गोष्ट आपल्या धर्मशिक्षकांनी अवश्य ध्यानात ठेवावी.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. या क्रियापदाचे आज्ञार्थी रूप नव्या करारात एकदाही येत नाही. त्याचा उलगडा पुढे होईल.

४. दोन शब्द, दोन बाजू

दयेसाठी ग्रीकमध्ये दुसरा प्रचलित शब्द आहे 'एलेओस'. मिस्सामधील 'किरिये एलेइसोन' या प्रार्थनेमुळे तो आपल्या ओठी बसलेला आहे. शुभवर्तमानकार हे दोन शब्द एकाच अर्थाने, सहज पालटून वापरतात काय? तीन उतारे पाहू.

मत्तय २० मध्ये यरीहोच्या वाटेवरील दोन आंधळे दोनदा ओरडतात आणि दोन्ही वेळा 'एलेओस' मागतात. येशू थांबतो, त्यांना काय हवे ते विचारतो आणि मग मत्तय लिहितो 'स्प्लांख्निस्थेइस', कळवळा येऊन त्याने त्यांच्या डोळ्यांना स्पर्श केला. मार्कातील बार्तिमयाच्या समांतर कथेत हे क्रियापद नाही. मत्तयाने ते हेतुपुरस्सर घातले आहे. आंधळ्यांनी कृती मागितली. ती करण्याआधी येशूच्या आत काय घडले, हे मत्तय आपल्याला सांगतो.

मत्तय १८ मधील क्षमा न करणाऱ्या चाकराचा दाखला घ्या. चाकर दयाही मागत नाही. थोडी मुदत मागतो. राजाला कळवळा येतो आणि तो मुदतीऐवजी सर्व कर्जच सोडून देतो. पुढे त्याच चाकराला जाब विचारताना मात्र राजा 'एलेओस' या शब्दाशी संबंधित क्रियापद वापरतो: मी तुझ्यावर दया केली, तशी तू सोबत्यावर करायला नको होती काय? राजाच्या अंतरंगात जे घडले ते कथनकाराने सांगितले. चाकराकडून अपेक्षित होती ती कृती.

तिसरा उतारा शोमरोन्याचा. शोमरोन्याला 'एस्प्लांख्निस्थे' झाले, असे येशू सांगतो. शेवटी तो शास्त्र्याला विचारतो की त्या जखमी माणसाचा शेजारी कोण ठरला. शास्त्री शोमरोनी हा शब्द उच्चारीत नाही, हे आपण नेहमी सांगतो. पण तो आणखी एक शब्द टाळतो, हे सहसा सांगितले जात नाही. त्याच्या उत्तरात 'एलेओस करणारा' असे शब्द आहेत. कळवळ्याची गोष्ट त्याने दयेच्या कृत्यात उतरविली. येशू हे उत्तर नाकारीत नाही. 'जा आणि तसेच कर' या अर्थाची आज्ञा देतो. करता येते ते एलेओस. त्याचीच आज्ञा देता येते.

लॅटिन वल्गातामध्ये हा भेद बराच झाकला गेला. मत्तय २० मध्ये आंधळ्यांच्या विनवणीला आणि येशूच्या कळवळ्याला तेथे एकच क्रियापद आहे. लूकच्या तिन्ही ठिकाणी मात्र 'दयेने हलला' अशा अर्थाची रचना करून भाषांतरकाराने मूळ छटा राखण्याचा प्रयत्न केला आहे. आपल्या चर्चचा उपासनाविधी शतकानुशतके लॅटिनमध्ये झाला. त्यामुळे मराठी प्रवचनातील 'दया केली' हे काही अंशी त्या लॅटिन वळणाचे वंशज असावे, असे मला वाटते.

५. 'राग आला' असा पाठभेद

मार्क १:४१ चा विचार केल्याशिवाय या क्रियापदाची चर्चा पुरी होत नाही. कुष्ठरोगी येशूपुढे गुडघे टेकतो. बहुसंख्य हस्तलिखितांत येशूला कळवळा आला असे आहे. परंतु पाचव्या शतकातील बेझा हस्तलिखितात आणि काही जुन्या लॅटिन प्रतींत 'ओर्गिस्थेइस', म्हणजे 'राग येऊन', असा पाठ आहे. कळवळ्याच्या जागी राग कोणी लेखनिक घालील, हे संभवत नाही. राग काढून कळवळा घालणे मात्र सहज संभवते. या तर्काने काही विद्वान रागाचा पाठ मूळचा मानतात, आणि इंग्रजीतील न्यू इंटरनॅशनल व्हर्जनने २०११ च्या आवृत्तीत तो स्वीकारला. उलट बाजूने हस्तलिखितांचे संख्याबळ आणि त्यांचा दर्जा मोठा आहे. शिवाय मत्तय आणि लूक या दोघांनी आपल्या समांतर वृत्तांतांत दोन्ही शब्द गाळले आहेत.

या वादाचा निर्णय येथे करण्याचे कारण नाही. आपल्या दृष्टीने लक्षणीय गोष्ट अशी की दोन्ही पाठांचे व्याकरण एकच आहे. राग येऊन, कळवळा येऊन: कोणताही पाठ घ्या, मार्कचा येशू कुष्ठरोग्यासमोर निर्विकार उभा नाही. त्याच्या ठायी काही तरी घडले आहे. दोनच ओव्यांनंतर मार्क त्याच्या कठोर ताकिदीचाही उल्लेख करतो. आजारी माणसाला गावाबाहेर काढणाऱ्या व्यवस्थेचा राग आणि त्या माणसाचा कळवळा या दोन गोष्टी एकाच अंतःकरणात नांदू शकत नाहीत, असे ज्याने कधी इस्पितळाच्या दारात तासन्‌तास ताटकळलेला गरीब पाहिला आहे, तो म्हणणार नाही.

६. देवाला कळवळा येतो काय?

येथे आपण ईशज्ञानाच्या एका जुन्या प्रश्नाशी येऊन ठेपतो. देव अविकारी आहे, त्याला काही 'होत' नाही, अशी आपली परंपरा सांगते. संत थॉमस अक्वायनस यांनी 'सुम्मा'च्या पहिल्या भागात (प्रश्न २१) दयेचा विचार करताना काळजीपूर्वक भेद केला आहे. दया देवाच्या ठायी आहे ती तिच्या परिणामाच्या दृष्टीने. विकाराच्या दृष्टीने नव्हे. दुसऱ्याच्या दुःखाने व्यथित होणे हे देवाला लागू नाही. ते दुःख दूर करणे हे मात्र सर्वाधिक लागू आहे. या भाषेत बोलायचे तर देव दया 'करतो'. त्याला ती 'येत' नाही.

म्हणजे माझे शिबिरातील वाक्य थॉमसच्या मताने शुद्धच होते काय? दैवी स्वरूपाविषयी ते असते, तर होते. पण लूक नाईनच्या वेशीवर चाललेल्या येशूविषयी लिहितो आहे. त्याच थॉमसने 'सुम्मा'च्या तिसऱ्या भागात (प्रश्न १५) ख्रिस्ताच्या आत्म्यात खरे मनोविकार होते, दुःख होते, भय होते, क्रोधही होता, असे मान्य केले आहे. ते विवेकाला कधी झुगारून देत नव्हते, एवढेच त्यांचे वेगळेपण. शब्द देही झाला, याचा एक अर्थ असा की ज्याला काही 'येऊ' शकत नव्हते, त्याने 'येणारी' काया धारण केली. विशेष म्हणजे नाईनच्या त्या ओवीत लूक येशूला नुसते 'येशू' न म्हणता 'प्रभू' म्हणतो. ज्या वाक्यात प्रभुत्वाची पदवी, त्याच वाक्यात कळवळा. यिर्मयाच्या भाषांतरकारांनी देवाविषयी वगळलेला शब्द येथे प्रभूविषयी परत आला आहे.

किटेल आणि फ्रीडरिख यांनी संपादिलेल्या नव्या कराराच्या ईशज्ञानात्मक शब्दकोशात हेल्मुट क्योस्टर यांनी या शब्दावर लेख लिहिला आहे. शुभवर्तमानांतील वृत्तांतांत हे क्रियापद केवळ मानवी भावना दर्शवीत नाही, येशूच्या कृतींचे दैवी स्वरूप प्रकट करते, यावर त्यांचा भर आहे. विधान मोलाचे आहे; पण 'केवळ भावना नव्हे' याचे रूपांतर वाचकाच्या मनात 'भावना नव्हेच' असे होऊ देता कामा नये. दैवी स्वरूप प्रकट होते ते या मानवी कळवळ्यातूनच, त्याला बाजूला सारून नव्हे.

७. आपली मराठी आणि आपले प्रवचन

मग मराठीत कोणता शब्द योजावा? 'दया येणे' हा वाक्प्रयोग व्याकरणाने योग्य असला, तरी बोलण्यात त्याला खालच्याकडे पाहण्याची छटा आली आहे. 'मला तुझी दया येते' हे वाक्य कोणाला आवडत नाही. 'कीव' तर त्याहून खाली. 'करुणा' हा शब्द उदात्त आहे, पण तो ग्रंथातून उतरलेला आहे. 'अनुकंपा' म्हटले की सरकारी नोकरीचा अर्ज डोळ्यांपुढे येतो. 'कळवळा' हा शब्द मात्र देहाला धरून आहे. मूल भुकेने कळवळते, माणूस वेदनेने कळवळतो आणि दुसऱ्याचे दुःख पाहूनही कळवळतो. चार हजारांच्या प्रसंगी भुकेने कळवळणाऱ्या समुदायाविषयी येशू स्वतःच्या तोंडाने हे क्रियापद उच्चारतो, तेव्हा मराठीत दोन्ही अर्थ एकाच शब्दात भेटतात. निवडणुकीच्या हंगामात गरिबांचा कळवळा येणाऱ्यांमुळे हा शब्दही डागाळला आहे खरा. परंतु चांगला शब्द दुसऱ्यांनी मळविला म्हणून आपण टाकून द्यावा, हे योग्य नव्हे. वापरूनच तो स्वच्छ ठेवावा लागेल.

शेवटी आज्ञार्थाचा प्रश्न. कळवळ्याची आज्ञा देता येत नसेल, तर याजकाने लोकांना काय सांगावे? आणि स्वतःला काय सांगावे?

काही वर्षांपूर्वी पावसाळ्यातील एका दुपारी धर्मग्रामाच्या कार्यालयात मी नोंदवह्या लिहीत बसलो होतो. दारात एक बाई मुलाच्या उपचाराचे कागद घेऊन उभी होती. मी कागद पाहिले, टेबलाच्या खणातून काही पैसे काढून दिले आणि पुन्हा नोंदवहीकडे वळलो. तिला बसा म्हटले नाही. मुलाचे नावही विचारले नाही. ती 'उपकार झाले, फादर' म्हणून गेली. मी दया केली होती, त्याबद्दल शंका नाही. परंतु मी कागद पाहिले होते. तिला पाहिले नव्हते.

शोमरोन्याच्या दाखल्यात 'पाहून' हे रूप तीनदा जसेच्या तसे येते. याजकाने पाहिले, लेव्याने पाहिले, शोमरोन्यानेही पाहिले. पहिले दोघे पाहून दुसऱ्या बाजूने निघून गेले. तिघांत फरक करणारे क्रियापद एकच आहे. त्यांतील पहिला माणूस आपल्या व्यवसायाचा होता, हे आपण विसरता कामा नये.

योहानाच्या पहिल्या पत्रात (३:१७) या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. तेथे क्रियापद नाही; नाम आहे, स्प्लांख्ना. बंधूला गरजेत पाहूनही जो आपले अंतर्याम त्याच्यापुढे बंद करतो, त्याच्या ठायी देवाची प्रीती कशी राहील, असा योहानाचा प्रश्न आहे. येथेही आधी पाहणे आहे. पण पुढचा शब्द लक्षणीय आहे: बंद करणे, दार लावावे तसे. कळवळा आणता येत नाही. त्याला दार लावता मात्र येते. पौल कलस्सैकरांना (३:१२) कळवळ्याचे अंतर्याम वस्त्राप्रमाणे धारण करण्यास सांगतो, तेही याच अर्थाने समजावे: भावना निर्माण करण्याची ती आज्ञा नव्हे, तिच्यासाठी मोकळे राहण्याची आहे. भावना आपल्या हाती नाही. थांबून पाहणे आहे. दार उघडे ठेवणेही आहे.

म्हणून आपल्या वर्गात नाईनची विधवा, जखमी वाटसरू किंवा उधळ्या पुत्राचा बाप यांची कथा सांगताना धर्मशिक्षकांनी दोन गोष्टी कराव्यात, अशी माझी विनंती आहे. 'त्याने पाहिले' हे वाक्य घाईने ओलांडू नये. मुलांना विचारावे, त्याने काय काय पाहिले असेल? आणि त्यानंतर 'दया केली' असे न म्हणता 'त्याला कळवळा आला' असेच म्हणावे. पुढे त्याने काय केले ते मुले आपणहून सांगतील.

त्या शिबिरातील धर्मशिक्षकांची पुन्हा भेट झाली, तेव्हा मी त्यांना माझी चूक सांगितली. ते हसले आणि म्हणाले, "असू दे, फादर. आमच्याकडे आई लेकराला दया करते असे कोणी म्हणत नाही, म्हणून विचारले होते."